गैरहजेरीच्या तारखा

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. इशाची नमाज झाली होती, जेवणे आटोपली होती आणि आम्ही सहामाहीचे पेपर तपासत बसलो होतो. इंग्लंडहून धाकट्या भावाचा फोन आला. सलाम-दुवा झाली, अम्मीची विचारपूस झाली, आणि मग त्याने विचारले, "भाईजान, अब्बांच्या आजारपणात मी घरी आलो ती तारीख कोणती?"

आम्ही म्हणालो, "त्या साली होळी आणि शबे-बरात एकाच रात्री आली होती. त्याच्या दोनेक आठवडे आधी."

"तसे नको, तारीख हवी. इंग्लंड सोडल्याची एक आणि इंग्लंडला परत पोचल्याची एक. गेल्या पाच वर्षांतल्या प्रत्येक प्रवासाची."

तो तिथल्या नागरिकत्वाचा अर्ज भरत होता. लोणी देवकरसारख्या गावातून शिकून गेलेला मुलगा, २०१८ पासून लेस्टरमध्ये एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कायम राहण्याची परवानगी त्याला आधीच मिळाली होती. आता पुढचा टप्पा होता. इंग्रजीचे प्रमाणपत्र झाले, तिथल्या जीवनमानावरची परीक्षा झाली, शिफारस देणारे दोघे मिळाले. अर्ज अडला तो एका तक्त्यापाशी: या देशाबाहेर कधी गेलात, कुठे गेलात, का गेलात आणि कधी परतलात?

आपल्या घरांतून आता बरीच मुले-मुली बाहेर आहेत. आखातात गेलेल्यांना हा तक्ता ठाऊक नाही. तिथे वीस-वीस वर्षे राबले तरी नागरिकत्वाचा अर्ज सहसा नशिबी येत नाही. त्यांना माहीत असतो तो सहा महिन्यांचा नियम, म्हणजे दुबईबाहेर एका दमात सहा महिन्यांहून जास्त राहिलात की व्हिसा गेला. इंग्लंड, कॅनडा, अमेरिकेत गेलेल्यांचे वेगळे. तिथे दिवस मोजतात, एकेक करून. म्हणून आमच्या घरी झालेली धावपळ सविस्तर लिहीत आहोत. कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

इंग्लंडचा नियम असा. अर्ज पोचेल त्या दिवसापासून मागे पाच वर्षे मोजायची. त्या पाच वर्षांत देशाबाहेर काढलेले दिवस एकूण ४५० पेक्षा जास्त नकोत आणि शेवटच्या बारा महिन्यांत ९० पेक्षा जास्त नकोत. शिवाय बरोबर पाच वर्षांपूर्वीच्या त्या दिवशी माणूस इंग्लंडमध्येच असायला हवा. नवरा किंवा बायको ब्रिटिश नागरिक असेल तर पाचाऐवजी तीन वर्षे आणि ४५० ऐवजी २७० दिवस. निघाल्याचा दिवस आणि पोचल्याचा दिवस धरत नाहीत, मधले पूर्ण दिवस तेवढे मोजतात.

आम्ही शिक्षक माणूस. हजेरीपट भरण्यात उभी नोकरी गेली. पण असा हजेरीपट आम्ही पाहिला नव्हता, ज्यात पोरगा आपल्या घरी आईजवळ बसला होता ते सगळे दिवस गैरहजेरीत पडतात. २०२१ मध्ये तो इथल्या माळवदावर लॅपटॉप घेऊन बसून इंग्लंडच्या कंपनीचे काम करत होता, पगारही तिकडचाच घेत होता. तरी त्यांच्या हिशेबात तो बाहेर.

वाटले होते, पासपोर्टवर शिक्के असतील, तासाभरात काम होईल. तसे झाले नाही. पहिली अडचण, इंग्लंड सोडताना तिथे शिक्का मारतच नाहीत. शिक्के सापडतात ते मुंबईचे, आल्याचा आणि गेल्याचा. पण लंडनहून शनिवारी निघालेला माणूस मुंबईत रविवारी उतरतो, म्हणजे शिक्क्यावरची तारीख आणि अर्जातली तारीख यांत एका दिवसाचा फरक. परतीला याच्या उलट. विमान रात्री दोनचे असते, माणूस दहा-अकरालाच आत जातो, शिक्का पडतो आदल्या दिवसाचा. दुसरी अडचण, त्याचा पासपोर्ट २०२३ मध्ये बदलला. जुना, कोपरा कापलेला पासपोर्ट त्याने मागच्या खेपेला इथेच अम्मीच्या ट्रंकेत ठेवला होता, आणि तिकडे मात्र तो महिनाभर शोधत होता. तिसरी अडचण, काही शिक्के असे पुसट, की १४ की १९ हे भिंगातूनही कळेना.

ट्रंक उघडली तेव्हा पासपोर्टबरोबर आणखी एक गोष्ट निघाली. अम्मी जुनी कॅलेंडरे टाकत नाही. फडताळात अंथरायला, डब्यांवर झाकायला उपयोगी पडतात म्हणून गुंडाळी करून ठेवते. त्यांवर दुधाचा हिशेब असतो. अम्मीला अक्षरओळख उर्दूची, तीही कुराणशरीफपुरती, म्हणून हिशेब रेघांचा. अर्ध्या लिटरला एक उभी रेघ. रोजच्या दोन रेघा. पण धाकटा घरी आला की तिसरी रेघ सुरू होते, कारण त्याला रात्री ग्लासभर दूध लागते आणि खीरही होते.

२०२१ च्या मार्चचे पान उलगडले. १४ तारखेपर्यंत दोन-दोन रेघा, १५ पासून तीन. जुन्या पासपोर्टवर मुंबईचा शिक्का १४ मार्चचा. म्हणजे लंडन सोडले १३ मार्चला. एक तारीख पक्की झाली.

एप्रिलच्या पानाशी मात्र आम्ही थांबलो. फेब्रुवारीत अब्बांना अर्धांगवायूचा झटका आला होता म्हणून तो तीन आठवड्यांच्या रजेवर आला होता. परतीचे तिकीट पुढे ढकलले, पुन्हा ढकलले. १४ एप्रिलला पहिला रोजा झाला. त्या वेळी पुणे जिल्ह्यात काय चालले होते ते सांगायला नको. अब्बांना कोरोनाने गाठले. बारामतीच्या दवाखान्यात खाट मिळाली तीच अल्लाहची मेहेरबानी. २३ एप्रिलला इंग्लंडने हिंदुस्थानचे नाव लाल यादीत टाकले. तिथे राहण्याचा हक्क असलेल्यांना परत जाता येत होते, पण सरकारने ठरवलेल्या हॉटेलात दहा दिवस कोंडून घ्यायचे आणि त्याचे १,७५० पौंड भरायचे. त्याने पैशांचा विचार केलाच नाही. २५ एप्रिलला, बाराव्या रोज्याला, अब्बांचा इन्तेकाल झाला. कॅलेंडरवर २५, २६, २७ हे रकाने कोरे आहेत. त्या तीन दिवशी आपल्या घरी चूल पेटली नव्हती, शेजारून जेवण येत होते.

मग अम्मीची इद्दत. चार महिने दहा दिवस. धाकटा म्हणाला, इतक्यात जात नाही. इंग्लंडने लाल यादीतून नाव काढले ८ ऑगस्टला, त्यानंतर तो गेला. पण नक्की कोणत्या तारखेला? अम्मीला विचारले तर म्हणाली, "मेरी इद्दत को बीस-बाईस दिन बाकी थे." आम्ही हिजरी हिशेब मांडला. बारा रमजानपासून चार चांद्रमहिने म्हणजे बारा मोहरम, त्यावर दहा दिवस, म्हणजे सप्टेंबर नुकताच लागला होता. त्यातून बावीस वजा केले तर १० ऑगस्टच्या आसपास. पासपोर्ट पाहिला, शिक्का ११ ऑगस्टचा. अम्मीचा हिशेब एका दिवसाने चुकला होता. लंडनला तो त्याच दिवशी पोचला. १४ मार्च ते १० ऑगस्ट, पूर्ण दिवस १५०.

बाकीच्या तारखा अशाच निघाल्या. त्याचा निकाह डिसेंबर २०२२ मध्ये झाला. निकाहनामा आहे, दावतनामे आहेत, पण तो आला कधी आणि गेला कधी? गेल्याचा तोच पुसट शिक्का, १४ की १९. आमच्या मोबाईलमध्ये पाटसच्या टोलनाक्याचा फास्टॅगचा संदेश सापडला, १४ जानेवारी, शनिवार. त्याला मुंबईला सोडून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो तेव्हा गावात संक्रांतीचा तिळगूळ वाटणे चालले होते, हे मुलांनाही आठवले. म्हणजे शिक्का १४ चा, विमान मध्यरात्रीनंतरचे, लंडनला पोचला १५ जानेवारी २०२३ ला. २०२४ च्या पावसाळ्यात अम्मीच्या ऑपरेशनला आला, तेव्हाच्या तारखा डिस्चार्ज कार्डवरून आणि आमच्या किरकोळ रजेच्या अर्जांवरून जुळल्या. रजेच्या अर्जाची झेरॉक्स ठेवतो म्हणून घरात आमची चेष्टा होते. त्या दिवशी झाली नाही.

इथे एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे आठवण राहते ती प्रसंगाने. कारखान्याचे गाळप सुरू झाले होते, भिगवणला रोहित पक्षी उतरले होते, उजनीचे पाणी पलसदेवच्या देवळापासून हटले होते. प्रसंग खरा असतो, पण अर्जात लिहिता येत नाही. उलट प्रसंगावरून तारखेपर्यंत जाता येते, कोणीतरी कुठेतरी एक रेघ ओढून ठेवलेली असली तर.

दोन प्रवास तो स्वतःच विसरला होता. पहिला उमऱ्याचा. फेब्रुवारी २०२४ मध्ये अम्मी इथून गटाबरोबर गेली आणि तो लंडनहून थेट जिद्दाला आला. हिंदुस्थानात तो आलाच नाही, म्हणून मुंबईच्या शिक्क्यांत हा प्रवास दिसत नाही. अम्मीच्या आठवणीत मात्र पहिला तोच. दुसरा, कंपनीच्या कामाचा पॅरिसचा, दोन रात्रींचा. पूर्ण दिवस धरला तर एकच. तो म्हणाला, "एका दिवसासाठी काय लिहायचे?" आम्ही म्हणालो, "लिही." विमान कंपन्यांकडे, सरकारकडे नोंदी असतात. चुकून एखादी तारीख इकडची तिकडे झाली तर समजून घेतात, पण लपवल्याचा संशय आला तर अर्जदाराच्या सचोटीवरच प्रश्न येतो. अर्ज नाकारला तर सोळाशे पौंडांहून जास्त फी बुडते ती वेगळी.

बेरीज केली. आठ प्रवास, ३६८ दिवस. ४५० च्या आत, अल्हम्दुलिल्लाह. पण शेवटच्या बारा महिन्यांची बेरीज वेगळी केली तेव्हा सगळे गप्प झालो. मार्चमध्ये रमजान ईदला आला होता, ते २० दिवस. ऑगस्टात अम्मी मोरीत घसरली, खुब्याचे हाड मोडले, तेव्हा आला तो १४ ऑक्टोबरला परतला, ते ६५. झाले ८५. नव्वदाला उरले पाच.

अर्ज २० नोव्हेंबरला पाठवायचे ठरले होते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात अम्मीला ताप भरला, खोकला वाढला, डॉक्टरांनी न्युमोनिया सांगितला. चार दिवस दवाखान्यात काढले. पहिल्या रात्री आमच्यात वाद झाला, धाकट्याला कळवायचे की नाही. आमच्या घरातून म्हणणे पडले, न कळवणे ही खियानत होईल. आम्ही म्हणालो, कळवले तर तो उठून येईल आणि पाच दिवसांत अम्मी बरी झाली नाही तर काय? शेवटी फजरच्या वेळी कळवले. तो म्हणाला, "अर्ज जाऊ द्या, मी येतो." तेवढ्यात अम्मीने ऑक्सिजनची नळी बाजूला करून आम्हाला विचारले, "उसके कित्ते दिन बचे?" तिने आमचा सगळा हिशेब शेजारी बसून ऐकला होता. आम्ही पाच सांगितले. ती म्हणाली, "रखने दो. अभी नको खर्च करो."

तिसऱ्या दिवशी ताप उतरला. तो आला नाही. हे बरोबर झाले की चूक, आम्ही अजून ठरवू शकलेलो नाही.

नंतर कळले ते असे, की नव्वदच्या थोडे वर दिवस गेले तर अधिकारी सवलत देऊ शकतात. आईवडिलांचे आजारपण, मय्यत, कोरोनात अडकणे ही कारणे ते विचारात घेतात. पण सवलत मागावी लागते आणि कागद जोडावे लागतात. दवाखान्याचे पत्र, मृत्यूचा दाखला, रद्द झालेले तिकीट. आणि दुसरे म्हणजे, राहण्याचे दिवस अर्जाच्या तारखेपर्यंतच मोजतात. अर्ज पोचला की बोटांचे ठसे द्यायला तिथे हजर राहायचे, पुढे प्रवासाला या मोजणीची आडकाठी नाही. आणखी एक, ही पाच वर्षांची खिडकी रोज एक दिवस पुढे सरकते. त्याने ऑगस्ट २०२६ नंतर अर्ज केला असता तर अब्बांच्या वेळचे १५० दिवस आपोआप मोजणीबाहेर गेले असते. घाई नसेल आणि बेरीज ४५० च्या वर जात असेल तर थांबणे हाही मार्ग आहे.

कॅनडात मोजणी उलटी आहे. तिथे बाहेरचे दिवस नव्हे, आतले मोजतात. पाच वर्षांत १,०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात हवेत. कायम रहिवासी होण्याआधी विद्यार्थी किंवा कामगार म्हणून काढलेला एक दिवस अर्धा धरतात, तोही जास्तीत जास्त ३६५ पर्यंत. २०१७ पूर्वी नियम याहून कडक होता, सहा वर्षांत चार. तिथेही प्रत्येक प्रवास लिहायचा, सीमेपलीकडे अमेरिकेत एक रात्र काढली तरी. अमेरिकेत पाच वर्षांपैकी निम्मे, म्हणजे तीस महिने प्रत्यक्ष हजेरी हवी, आणि चोवीस तासांहून मोठा प्रत्येक प्रवास अर्जात यावा लागतो. एका खेपेला सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य तुटल्याचे धरून चालतात, तुटले नाही हे आपण सिद्ध करायचे. आईच्या सेवेला सात महिने आलेल्या मुलीला याचा फटका बसू शकतो, हे आपण इथल्यांनी तिला आग्रह करताना ध्यानात घ्यावे.

आपल्या देशाचा कायदाही दिवस मोजतोच. परदेशातून सून म्हणून आलेल्या मुलीला हिंदुस्थानी नागरिकत्व हवे असेल तर १९५५ च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे सात वर्षांचे वास्तव्य लागते. अर्जाआधीचे बारा महिने सलग आणि त्यामागच्या आठ वर्षांत मिळून सहा वर्षे. त्या शेवटच्या बारा महिन्यांत तिच्या माहेरी मय्यत झाली तर? पूर्वी पंचाईत होती. २०१५ च्या दुरुस्तीने खास कारण असेल तर तीस दिवसांपर्यंतची तूट माफ करण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला. हे तीस दिवस तुकड्या-तुकड्यांनीही चालतात. अशा सुनेने माहेरी जाण्याआधी आणि आल्यावर प्रत्येक कागद जपावा. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जातो, तिथे हेच विचारतात.

आणि ये-जा केल्याची तारीख ही आपल्या लोकांसाठी नवी गोष्ट नाही. नववी-दहावीला नागरिकशास्त्र शिकवताना आम्ही राज्यघटनेचे सातवे कलम मुलांना मुद्दाम सांगतो. १ मार्च १९४७ नंतर जो स्थलांतर करून पाकिस्तानात गेला तो हिंदुस्थानचा नागरिक नाही, आणि १९ जुलै १९४८ पासून तिकडून परतायला परवाना लागू लागला. मग प्रश्न आले, कोणी बहिणीच्या लग्नाला गेला होता, कोणी धंद्याची वसुली करायला गेला होता. तो 'स्थलांतर' करून गेला का? १९६६ मध्ये कुलथिल मम्मू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एका ठरावीक कामासाठी, थोड्या मुदतीसाठी केलेले जाणे हे स्थलांतर नव्हे. पण ठरावीक काम आणि थोडी मुदत हे दाखवायचे कशाने? दावतनामा, पावती, तार, तिकीट. ज्यांनी ठेवले त्यांचे निभावले.

आमच्या घरी आता एक दोनशे पानी वही केली आहे. खर्च चाळीस रुपये. कोण बाहेरून आले, कोणत्या विमानाने, तिकडून कधी निघाले, इकडे कधी उतरले, परत कधी गेले आणि पोचल्याचा फोन कधी आला, हे त्याच दिवशी लिहायचे. लिहायचे काम पुतणीकडे दिले आहे, तिचे अक्षर चांगले. बोर्डिंग पासचा तुकडा डिंकाने चिकटवायचा, पण आधी फोटो काढायचा, कारण त्या कागदावरची शाई वर्षभरात उडते. पासपोर्ट बदलला तर जुना टाकायचा नाही. आणि परदेशी नागरिकत्व मिळाल्यावर इथला पासपोर्ट जमा करावा लागतो, तर जमा करण्याआधी त्याच्या सगळ्या पानांचे, कोऱ्या पानांचेसुद्धा, फोटो काढून ठेवायचे.

हे शेवटचे वाक्य बोललो तेव्हा अम्मीने विचारले होते, "जमा कशाला?" तिला सांगावे लागले, की आपला कायदा दोन नागरिकत्वे मानत नाही. तिकडचे मिळाले की इकडचे आपोआप संपते. नंतर ओसीआय कार्ड मिळते, त्यावर हवे तेव्हा येता येते, हवे तितके राहता येते. मत देता येत नाही. शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने आलेली मात्र राहते. अम्मीने जमिनीचे ऐकून घेतले, मताचेही ऐकून घेतले. मग विचारले, "फिर आया तो दिन गिनना पडेगा?"

नाही, म्हटले. त्यानंतर मोजायचे नाहीत.

अर्ज २० नोव्हेंबरला गेला. निकालाला साधारण सहा महिने लागतात म्हणे. जानेवारीत नवे कॅलेंडर खिळ्याला लावले, जुने गुंडाळून ट्रंकेत गेले. अम्मी काठीवर चालते, दुधाच्या रेघा स्वतःच ओढते. सध्या दोनच आहेत.